पोर कुठे अडलंय, ते आधी बघा

*मॅडम, मी धुळे जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत आहे. मूळची साताऱ्याकडची, नोकरीमुळे इकडे आले. शाळा द्विशिक्षकी. माझ्याकडे तिसरी-चौथी एकाच खोलीत, पट २६. जूनमध्ये एका ऑनलाइन प्रशिक्षणात ऐकलं की काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून, काही हाताने करून. ज्याची जी पद्धत त्या पद्धतीने शिकवलं की मूल मागे राहत नाही. मी प्रश्नावली भरून घेतली आणि वर्गाचे तीन गट केले. रोज रात्री बघणाऱ्यांसाठी तक्ते, ऐकणाऱ्यांसाठी गाणी आणि करणाऱ्यांसाठी खेळ तयार करते. तीन महिने झाले. मुलं खूश आहेत. पण चौथीतला एक मुलगा मैदानावर सगळ्यांच्या पुढे, त्याला हातच्याची वजाबाकी अजून येत नाही. तिसरीतली एक मुलगी धडा घडाघडा म्हणते आणि चाचणीत कोरा कागद देते. एक जण पाच मिनिटांत सगळं संपवतो आणि बाकीच्यांना छळतो. बहुतेकांच्या घरी अहिराणी बोलतात. परवा एक आई येऊन म्हणाली, “माझ्या पोरीला कच्च्यांच्यात का बसवलं?” माझं कुठे चुकतंय? एकटी बाई २६ मुलांना २६ तऱ्हांनी कशी शिकवणार?*

प्रिय ताई,

रात्री जागून तक्ते करणं आजपासून बंद करा. हे आधी सांगते, कारण पुढे मी जे सुचवणार आहे त्याला तक्ते लागत नाहीत. सकाळी ताजंतवानं डोकं आणि मुलांकडे बघायला सवड मात्र लागते.

तुमची तळमळ योग्य जागी आहे. एका वर्गातली सगळी मुलं एकाच ठिकाणी उभी नसतात हे तुम्हाला दिसलं, आणि दिसल्यावर तुम्ही हातपाय हलवलेत. गडबड झाली ती वाटणीत. ‘हे मूल कोणत्या प्रकारचं आहे’ असं विचारून तुम्ही गट पाडलेत. विचारायला हवं होतं की हे मूल आज कुठवर आलंय आणि नेमकं कुठे अडलंय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर वर्षभर तेच राहतं. दुसऱ्याचं उत्तर दर महिन्याला बदलतं, बदलायलाच हवं, आणि शिकवायला उपयोगी पडतं ते हेच.

आधी त्या प्रशिक्षणातल्या गोष्टीचा निकाल लावू. बघणारे-ऐकणारे-करणारे ही विभागणी जगभर पसरायला न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांच्या प्रश्नावलीचा मोठा हातभार लागला. तशा आणखी पुष्कळ आहेत. इंग्लंडमध्ये २००४ साली फ्रँक कॉफिल्ड आणि सहकाऱ्यांनी या विषयाचा धांडोळा घेतला तेव्हा शिकण्याच्या ‘शैली’ सांगणाऱ्या ७१ वेगवेगळ्या मांडण्या त्यांना मिळाल्या. मग २००८ साली अमेरिकेत हॅरोल्ड पॅशलर आणि आणखी तिघा मानसशास्त्रज्ञांनी सरळ प्रश्न विचारला: याला पुरावा काय? ‘बघणारी’ मुलं घ्या, निम्म्यांना दाखवून शिकवा, निम्म्यांना ऐकवून. ‘ऐकणाऱ्यां’चंही तसंच करा. मग सगळ्यांची एकच चाचणी घ्या. सिद्धांत खरा असेल तर ज्याला त्याच्या शैलीने शिकवलं तो पुढे जायला हवा. अशा नीट बेतलेल्या चाचण्या मुळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या, आणि त्यातल्या काहींनी तर थेट सिद्धांताच्या विरुद्ध कौल दिला. प्रशिक्षणात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांचंही नाव आलं असेल. बुद्धिमत्ता एकच नसते, तिचे अनेक प्रकार असतात, ही त्यांची ‘बहुविध बुद्धिमत्तां’ची मांडणी १९८३ सालची. पण बुद्धिमत्ता म्हणजे शिकण्याची शैली नव्हे, हे त्यांनीच पुढे लिहून स्पष्ट केलंय. आपल्याकडच्या प्रशिक्षणांत मात्र या दोन्हींची सर्रास खिचडी होते आणि ती शिक्षकांच्या माथी मारली जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. रात्री जागणारे तुमच्यासारखेच असतात.

मुलांना आवडी नसतात असं कुणीच म्हणत नाही. एखाद्याला चित्रं आवडतात, एखादी गाण्यात रमते. पण काय दाखवायचं आणि काय ऐकवायचं हे बरंचसं त्या विषयावरच ठरतं. नकाशा बघावाच लागतो, कविता कानांवर पडावीच लागते आणि लिटर-मिलिलिटर पाणी ओतल्याशिवाय कळत नाही. हे सगळ्याच मुलांना लागू आहे. तेव्हा तुम्ही केलेले तक्ते आणि गाणी फुकट गेली असं समजू नका. ती आता सगळ्या वर्गासमोर वापरा. फक्त ‘हे तुझं, हे तिचं’ अशी वाटणी मोडा.

आता तिसरीतल्या त्या मुलीकडे येऊ. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटली. प्रश्नावलीत ती ‘ऐकणारी’ निघाली असणार, म्हणून तिला आणखी गाणी आणि आणखी ऐकणं मिळालं. पण तिचं वागणं पुन्हा डोळ्यांसमोर आणा: धडा घडाघडा म्हणते आणि लेखी चाचणी आली की कागद कोरा. माझा अंदाज असा की ती ऐकून शिकते, कारण तिला वाचताच येत नाही. कान तल्लख आहेत, पाठांतर जबरदस्त आहे, आणि त्या जोरावर तिने तिसरीपर्यंत मजल मारलीय. ‘ऐकणारी’ या चिठ्ठीखाली तिची खरी अडचण झाकली गेली.

खात्री करून घ्यायला फार वेळ लागत नाही. तिला एकटीला जवळ बसवा आणि पाठ असलेला धडा उघडून शेवटची ओळ आधी वाचायला सांगा. किंवा तिचं बोट बघा: शब्द तोंडातून पुढे गेलेले असतात आणि बोट अजून मागच्याच शब्दावर असतं. धड्यातलेच चार शब्द कोऱ्या कागदावर उलटसुलट क्रमाने लिहून द्या. तिथे ती गप्प झाली, तर कळलं.

मग एक पायरी आणखी खाली उतरायचं. वाचता येत नाही म्हणजे नेमकं काय येत नाही? सुटी अक्षरं ओळखते, पण क, म, ळ असं वेगवेगळं म्हणून थांबते, ‘कमळ’ होत नाही, असं आहे का? बाराखडी तालात म्हणते, पण मधलंच ‘कै’ दाखवलं तर ‘क’पासून म्हणत यावं लागतं, असं आहे का? की ‘दिवस’सारख्या शब्दात अडखळते? पहिली वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते आणि तोंडाने मात्र नंतर उच्चारायची असते. आपल्याला त्यात काहीच वाटत नाही, पण शिकणाऱ्या मुलाला तो मोठा घोळ असतो. की सगळं बरं चाललेलं असताना जोडाक्षर आलं की अंदाजाने शब्द ठोकून देते? चार मुलांचं ‘वाचता येत नाही’ हे चार ठिकाणी अडलेलं असू शकतं आणि चौघांना वेगवेगळी मदत लागते. तुमच्या मनातलं ‘प्रत्येकाला त्याच्यासारखं शिकवणं’ ते हेच.

ती अक्षरं जोडण्यात अडली असेल तर बाराखडीची घोकंपट्टी आणखी वाढवू नका. तुमच्याच साताऱ्याकडच्या फलटणला, प्रगत शिक्षण संस्थेत, मॅक्सीन बर्नसन यांनी वाचन शिकवण्याची जी वाट घालून दिली ती इथे कामाची आहे. वर्णमालेचा क्रम बाजूला ठेवायचा. मोजकी अक्षरं आणि त्यांच्या सोबतीला एखाददुसरी मात्रा घ्यायची, आणि तेवढ्यातूनच लगेच अर्थ असलेले शब्द, छोटी वाक्यं वाचायला लावायची. म, क, ल, र आणि काना एवढ्यावरच माल, काम, काल, मार, कमल, कमाल, मामा, काका असे शब्द होतात. पहिल्याच दिवशी मुलीच्या हाती काहीतरी खरं वाचलेलं लागतं. घरी जाऊन ‘आज मी वाचलं’ असं सांगता येणं या वयात फार मोठी गोष्ट असते.

चौथीतल्या मुलाचंही असंच. मैदानावर चपळ, म्हणून ‘करून शिकणारा’, म्हणून वजाबाकीचे पळापळीचे खेळ. पण त्याची अडचण पायांत नाही, दशक-एककात आहे. त्याच्या वहीतलं एक उदाहरण घेऊ. ५२ वजा २७ याचं उत्तर त्याने ३५ काढलं असं समजा. चूक म्हणून लाल फुली मारली की विषय संपला. पण ३५ आलं कसं? एक मुलगा म्हणेल, “दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले, पाच, पाचातून दोन गेले, तीन.” दुसरा म्हणेल, “हातचा घेतला, बारातून सात गेले, पाच. पाचातून दोन गेले, तीन.” हातचा घेतला पण पाचाचे चार करायला तो विसरला. उत्तर दोघांचंही ३५, आणि डोक्यातलं चित्र मात्र अगदी वेगळं. पहिल्याला ५२ म्हणजे ५ आणि २ असे दोन सुटे आकडे दिसतात. दशक ही गोष्ट त्याच्यापर्यंत पोचलेलीच नाही. दुसऱ्याला पोचलीय, तो रीत अर्धवट पाळतोय. पहिल्याला पंधरा दिवस काड्या लागतील, दुसऱ्याचं काम दोन दिवसांच्या सरावात होईल. दोघांना एकच ‘कच्च्यांचा’ गट आणि एकच खेळ दिला तर दोघांचंही नुकसान.

म्हणून वही तपासताना विचारा, “कसं केलंस? मला सांग.” आवाजात जाब नको, कुतूहल हवं. आणि बोलायला लाजणारं मूल असेल तर ५३ वजा २७ द्या. पहिल्या चुकीने ३४ येतं, दुसऱ्या चुकीने ३६. उत्तरावरूनच कळतं.

आणखी एक तपासून घ्या. तोंडी ‘सत्तावीस’ म्हटल्यावर तो २७ लिहितो की ७२? मराठीत सात आधी ऐकू येतात आणि लिहायचे मात्र नंतर असतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशी संख्यावाचनाची जोड दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला तुम्हाला आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: जुनी नावं राहू देत, पण ज्या मुलाला ती अडतात त्याला ही दुसरी वाट उघडी असू दे. मला ते तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. तुमचा मुलगा अडत असेल तर बिनदिक्कत ‘वीस सात’ म्हणा. ‘सत्तावीस’ त्याच्या कानांवरून रोज जातंच आहे, ते हरवणार नाही.

पहिल्या प्रकारची चूक निघाली तर दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधा, रबर लावून. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यासमोर ठेवा आणि म्हणा, “मला सत्तावीस काड्या दे.” दोन गठ्ठे देईल, दोन सुट्या देईल आणि मग त्याचा हात थांबेल. तुम्ही गप्प राहा. हे अवघड असतं, शिक्षकाच्या जिभेवर उत्तर तयार असतं, तरी गप्प राहा. गठ्ठ्याचं रबर काढायचं त्याचं त्याला सुचू द्या. एकदा त्याने स्वतःच्या हाताने रबर काढलं की ‘पाचाचे चार झाले’ हे त्याला सांगावं लागत नाही, चार गठ्ठे समोरच असतात. मग काड्यांसोबत पाटीवर आकडे लिहायचे, जे काड्यांचं केलं ते लगेच आकड्यांत. काही दिवसांनी काड्या बाजूला आणि नुसते आकडे. पुन्हा अडला तर पुन्हा काड्या. या काड्या मैदानावर धावणाऱ्या मुलासाठी खास आहेत असं समजू नका. तुमच्या ‘बघणाऱ्या’ आणि ‘ऐकणाऱ्या’ गटांतही दशक न पोचलेली दोन-तीन मुलं नक्की निघतील.

आता तुमचा मोठा प्रश्न, एकटीने २६ जणांना कसं पुरे पडायचं. २६ तऱ्हा लागत नाहीत, ताई. वाचनात चार-पाच पायऱ्या असतात आणि वर्गातली मुलं त्यांवर विखुरलेली असतात. मुलांना वाचन-गणित कितपत येतं हे तपासणारं ‘असर’चं सर्वेक्षण २००५ पासून चाललंय, त्यात वापरतात त्याच पायऱ्या घ्या: अक्षरंही नाहीत, अक्षरं येतात, शब्द येतात, सोपा परिच्छेद येतो, गोष्ट येते. एकेका मुलाला तीन-चार मिनिटं पुरतात. बाकीच्यांना चित्र काढायला दिलंत तर आठवड्याभरात सगळा वर्ग होतो. गणितातही तसंच: संख्या ओळखणं, दशक-एकक, बिनहातच्याची वजाबाकी, हातच्याची, भागाकार.

पायरीप्रमाणे शिकवण्याला भक्कम पुरावा आहे, आणि तो आपल्याच मातीतला आहे. मुलांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेचं काम मुंबईत १९९५ मध्ये सुरू झालं. त्यांच्या बालसखी उपक्रमात वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या १५-२० मुलांना रोज दोन तास वेगळं बसवायची आणि जे येत नाही तिथूनच शिकवायची. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांमध्ये अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी याची रीतसर चाचणी घेतली, तेव्हा मुलांचे गुण स्पष्टपणे वाढलेले दिसले आणि सर्वाधिक फायदा सगळ्यात मागे असलेल्यांना झाला. त्या बालसख्यांकडे बी.एड.ही नव्हतं आणि महागडं साहित्यही नव्हतं. मुलांना इयत्तेनुसार न शिकवता ती जिथे आहेत तिथून शिकवलं, एवढंच. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासोबत नोबेल मिळालं, त्यामागच्या कामात या अभ्यासांचाही वाटा आहे.

तुमच्यापुरतं असं करा. सकाळचा पहिला दीड तास तिसरी-चौथीची भिंत विसरा. पाऊण तास वाचन, पाऊण तास गणित. दोन्हींचे गट वेगळे. तो चौथीतला मुलगा गणितात खालच्या पायरीवर असेल, पण वाचनात कदाचित गोष्टीच्या गटात बसेल, आणि हे त्यालाही दिसेल. तुमचा बहुतेक वेळ सगळ्यात खालच्या गटाला द्या. बाकीच्यांना स्वतः करता येईल असं काम हवं: जोडीने वाचन, चिंचोक्यांची उदाहरणं, एकमेकांना शब्द घालणं. तीन गटांना तीन वेगळे पाठ तयार करायला जाऊ नका, पुन्हा जागरणं सुरू होतील. एकच छोटी गोष्ट घ्या, समजा बाजाराच्या दिवशी हरवलेल्या शेळीची. एक गट त्यातले ‘शेळी’, ‘बाजार’, ‘दोरी’ हे शब्द शोधून वाचेल आणि चित्राशी जुळवेल. दुसरा गट गोष्ट वाचून शेळी कुठे सापडली ते सांगेल. तिसरा शेळीच्या बाजूने तीच गोष्ट लिहील. शेवटी दहा मिनिटं सगळे एकत्र बसून त्याच शेळीबद्दल बोलतील, आणि त्या बोलण्यात तुमची धडा पाठ करणारी मुलगी सगळ्यांना मागे टाकेल. तिचे ते तल्लख कान तिथे कामी येऊ द्या.

दीड तासानंतर गट संपले. परिसर अभ्यास, कविता, चित्र, खेळ, सगळे मिसळून. दिवसभर पायरीनुसार बसवलं तर महिन्याभरात गटांच्या जाती होतात.

महिन्यातून एकदा पुन्हा चाचपणी करा आणि मुलं हलवा. मुलं हललीच नाहीत तर दोष मुलांत शोधू नका, त्या गटाचं काम बदला.

केंद्रप्रमुख विचारतील, अभ्यासक्रमाचं काय? त्यांना शिक्षण हक्क कायदा दाखवा. २००९ च्या त्या कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्यं दिली आहेत. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून त्याप्रमाणे गरज असेल तिथे जादा शिकवणं हे त्यातलंच एक कर्तव्य. अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करणंही त्याच कलमात आहे, म्हणून तर दिवसाचा फक्त दीड तास. आणि आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर मुलाची प्रगती टिपण्याच्या, नोंदी तुम्हाला लिहाव्या लागतातच. बाजारात तयार नोंदींची पुस्तकं मिळतात, ‘वाचनाची आवड आहे’, ‘गटकार्यात सहभागी होते’ छापाची. ती उतरवून काढण्यात जाणारा वेळ वाचवा आणि मुलामागे एकच ओळ लिहा: ‘पहिल्या वेलांटीत अडते’, ‘हातचा घेतो, दशक कमी करत नाही’. अशी नोंद वाचून पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला पहिल्या दिवसापासून काम सुरू करता येतं.

पाच मिनिटांत संपवणाऱ्याला तसलीच आणखी दहा उदाहरणं देऊ नका, ती त्याला शिक्षा वाटते. “उत्तर २५ येईल अशा वजाबाक्या तूच तयार कर, निम्म्या हातच्याच्या हव्यात,” असं सांगा. बघा किती वेळ शांत बसतो. अधूनमधून त्याने दुसऱ्याला समजावून सांगायला हरकत नाही, पण त्याला कायमचा छोटा मास्तर करून टाकू नका. तोही शाळेत शिकायला येतो.

अहिराणीबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, पण ते महत्त्वाचं आहे. समजा एखाद्याने वहीत लिहिलं, ‘मना बाप वावरमा जास.’ यावर लाल रेघ ओढली तर त्याला एवढंच कळतं की आपलं बोलणं चूक. खरं तर त्या मुलाने पूर्ण, अर्थाचं वाक्य मनाने लिहिलंय. वाचन-लेखनाच्या पायरीवर तो तुमच्या कल्पनेपेक्षा वर आहे. फळ्यावर ते वाक्य जसंच्या तसं लिहा, शेजारी ‘माझे वडील शेतात जातात’ लिहा आणि दोन्ही सगळ्यांकडून वाचून घ्या. शाब्दिक उदाहरण अडलं तर एखाद्या मुलीला ते अहिराणीत सांगायला लावा. मग समजेल की अडचण गणिताची होती की भाषेची. आणि तुम्ही स्वतः अहिराणी शिका. मुलांकडूनच शिका, चुकलात की ती हसतील, हसू द्या. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी केली ती थेट पाड्यावर नेऊन, शंख-शिंपले-पानं हेच साहित्य करून. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. मूल जसं जगतं तिकडे शाळेने चार पावलं चालत जायचं, हे आपल्याकडे नवीन नाही.

त्या आईचं म्हणणं मनावर घ्या, पण रागावू नका. ‘कच्चे’ हा शब्द तिने शाळेकडूनच कधीतरी ऐकला असणार. गटांना सूर्य-चंद्र-तारे अशी नावं देऊन काही साधत नाही, मुलांना दोन दिवसांत कळतं कोण कुठे आहे. तिला बोलावून घ्या आणि मुलीची जूनमधली वही आणि आजची वही शेजारी ठेवा. “तिला इथपर्यंत येतं, इथे अडते, म्हणून रोज पाऊण तास मी स्वतः तिच्याजवळ बसते. महिन्याने पुन्हा बघू,” असं सांगा. शिक्षिका आपल्या पोरीजवळ बसते हे कळल्यावर बहुतेक आयांची तक्रार विरते. जमलं तर तिच्यासमोर मुलीला एक नवी शब्दपट्टी वाचू द्या. पाठ नसलेली.

एक गोष्ट राहिली, ती विसरू नका. धडा म्हणणाऱ्या मुलीची आणि बाकी मागे असलेल्यांची नजर आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा त्यांना मुलं नावानिशी दाखवा. नुसत्या वजन-उंचीवर भागवू देऊ नका. चष्म्याचा नंबर असलेलं मूल ‘लक्ष देत नाही’ म्हणून वर्षानुवर्षं बोलणी खातं. नजर-कान ठीक निघाले, दोन-तीन महिने पायरीप्रमाणे नीट शिकवलं, रोज शिकवलं, तरीही अक्षरं जुळेनात किंवा काल आलेलं आज पुसलं जातंय असं दिसलं, तर गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांशी बोला. विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातच येणारा अडथळा, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे आणि अशा मुलांना पुढे परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. या अक्षमतेचं रीतसर निदान मूल साधारण आठ वर्षांचं झाल्यावर करतात, म्हणजे तिसरी हे वय योग्यच आहे. पण ते निदान तज्ज्ञांनी करायचं. तुम्ही किंवा मी आईसमोर तो शब्द उच्चारायचा नाही. ज्या मुलाला कुणी नीट वाचायला शिकवलंच नाही, त्याच्यावर असा शिक्का बसायला फार वेळ लागत नाही, आणि बसला की निघत नाही.

या आठवड्यात सगळं करायला जाऊ नका. सोमवारपासून रोज पाच-सहा मुलांना एकेक करून जवळ बसवा, वाचायला द्या, दोन वजाबाक्या द्या, ‘कसं केलंस’ विचारा आणि एकेक ओळ लिहा. शुक्रवारपर्यंत २६ ओळी तुमच्या हातात असतील. मग गट पाडा.

दिवाळीच्या सुट्टीआधी मला पुन्हा लिहा. ती मुलगी कुठे अडली होती ते कळवा, आणि ३५ उत्तर त्या मुलाने कोणत्या वाटेने काढलं होतं तेही.

तुमची,
मॅडम